कचेरीत शिकलेली बोली

माणिकवाडी संस्थानच्या महाराजांनी हुकूम काढला, की ज्या घरात तान्हं मूल असेल त्या घराची निम्मी घरपट्टी मुलाच्या दुधासाठी परत द्यावी. चंद्राक्का कोष्टीण तान्ह्या मल्लूला घेऊन कचेरीत गेली. पट्टी भरण्यासाठी तिने दुधाची शेळी विकली होती, त्यामुळे तिचा सारा भरवसा या पैशांवर होता. पण खजिनदार भिकाजीपंतांना कधी शिक्का सापडेना, कधी साक्षीदार पसंत पडेना. कचेरीच्या ओट्यावर ताटकळता ताटकळता मल्लू रांगायला लागला, चालायला लागला, बोलायलाही लागला.

एके दिवशी महाराज स्वतःच कचेरीत आले. चंद्राक्काने पुढे होऊन गाऱ्हाणं घातलं. पंत घाईघाईने म्हणाले, "सरकार, सवलत आपल्या रयतेसाठी आहे. हे पोर आपल्याच संस्थानात वाढलं, याला पुरावा काय?"

चंद्राक्का हसली. "पुरावा माझ्या कडेवर आहे, सरकार. मल्लू, पंतकाका काय म्हणतात रे?"

मल्लूने पंतांकडे बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "उद्या या!"

"बाकीची पोरं आधी 'आई' म्हणतात, हा आधी हे म्हणाला," चंद्राक्का म्हणाली. "आता हा कुठं वाढला, ते सरकारांनीच सांगावं."

महाराजांना हसू आवरेना. पंतांना मात्र कुठं बघावं ते कळेना.

"पंत," महाराज म्हणाले, "पोर तुमच्याकडून आणखी काही शिकायच्या आत पैसे देऊन टाका!"