उताणा ससा

पूर्वी एक वृद्ध वैद्य आणि त्यांचा शिष्य बाजारपेठेच्या एका गावी राहत असत. शिष्याला गुरूंकडे येऊन सात वर्षे झाली होती. वनस्पती त्याला ओळखीच्या, श्लोक मुखोद्गत, आणि लेप घोटावा तर त्यानेच. सातव्या वर्षी बहुतेक शिष्यांना आपल्याला सगळे येते असे वाटू लागते, तसे यालाही वाटू लागले होते. मात्र रुग्णाच्या जखमेला हात लावण्याची अनुज्ञा गुरूंनी अजून दिली नव्हती, आणि ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागून राहिली होती.

त्या सुमारास एक कापडाचा व्यापारी दोन महिन्यांसाठी परगावी निघाला. जाताना त्याने आपला पाळीव ससा वैद्यांकडे आणून ठेवला. ससा पांढराशुभ्र, लांब केसांचा. पण कोणी हात लावलेला त्याला मुळीच खपत नसे. त्यामुळे पोटाखाली आणि कानांमागे केसांच्या घट्ट गाठी झाल्या होत्या.

"या गाठींखाली कातडी ओली राहते आणि मग सडते," वैद्य शिष्याला म्हणाले. "याला विंचरायला शीक. ते जमलं की रुग्णाच्या जखमेला हात लाव."

शिष्याला हसूच आले. सात वर्षांची विद्या, आणि परीक्षा घेणार एक ससा! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा तो लगेच लाकडी फणी घेऊन बसला. पहिल्या दिवशी सशाने त्याच्या मनगटावर ओरखडे काढले. दुसऱ्या दिवशी तो धान्याच्या कणगीमागे जाऊन बसला, तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी झटापटीत ससा शिष्याच्या मांडीवर उताणा पडला आणि एकाएकी निपचित झाला. डोळे उघडे, पाय सैल, मिशीसुद्धा हलेना. शिष्याने संधी साधली. दुपारच्या आत एकूण एक गाठ सुटली.

सशाला तसाच उताणा धरून तो गुरूंपुढे आला. "गुरुजी, पाहा, किती शांत झाला आहे. आता काहीही केलं तरी सोसतो."

वैद्यांनी केस न्याहाळले. काम खरोखरच सुबक झाले होते. मग त्यांनी शिष्याची दोन बोटे धरली आणि सशाच्या छातीवर ठेवली. "नाडी पाहायला शिकलास ना? मोज."

शिष्य मोजू लागला आणि थांबला. ठोके वेगळे कळतच नव्हते, बोटांखाली नुसती थरथर होती.

"सरळ कर त्याला," वैद्य म्हणाले, आणि आपल्या कामाला लागले.

ससा पुन्हा कणगीमागे गेला. त्या संध्याकाळी त्याने लसूणघासाला तोंड लावले नाही. सकाळी पाहावे तर घास तसाच पडलेला, लेंड्याही दिसेनात. शिष्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. अनुज्ञा वगैरे तो पार विसरला. कणगीपाशी जमिनीवर पालथा पडून, कोथिंबिरीची काडी पुढे धरून तो तासन्‌तास वाट पाहत राहिला. दुपार कलल्यावर कणगीमागून एक नाक पुढे आले आणि ती काडी आत ओढली गेली. शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले.

पुढे तो सशाला उचलेनासा झाला. जमिनीवर बसायचा, ससा जवळ आला तर एकदा फणी फिरवायचा, आणि तो निघाला की निघू द्यायचा. असे कित्येक दिवस गेले. कानामागे नव्या गाठी धरू लागल्या. एका सकाळी ससा चार वेळा फणी फिरवेपर्यंत बसला, पाचव्यांदा मात्र त्याने अंग झटकले, मागचा पाय जमिनीवर आपटला आणि उठून गेला. शिष्याचा चेहरा उतरला.

दारातून हे पाहणारे वैद्य मात्र प्रसन्न दिसत होते. "उद्यापासून रुग्णाच्या जखमेला हात लाव," ते म्हणाले.

शिष्य गोंधळला. "गुरुजी, त्या दिवशी एकही गाठ उरली नव्हती, तेव्हा आपण काही बोलला नाहीत. आज कानामागची गाठ तशीच आहे, आणि ससाही उठून गेला."

"गेला, पण कुठवर गेला?"

शिष्याने वळून पाहिले. ससा हातभर अंतरावर बसून आपले अंग चाटत होता.

"कोल्ह्याच्या तोंडी सापडलेला ससा असाच निपचित पडतो, बाळ. त्या दिवशी त्याने जगण्याची आशा सोडली होती, आणि तुला ती शांती वाटली. आज त्याने पुरे म्हटलं आणि तू थांबलास, म्हणून त्याला कणगीमागे लपावंसं वाटलं नाही. ज्याला उठून जाता येतं, त्याचंच बसणं खरं."

दुसऱ्या दिवशी पहिलीच रुग्ण म्हणून एक तरुण स्त्री आली. उकळते दूध सांडून तिचा हात भाजला होता आणि पट्टी जखमेला चिकटली होती. सोबत सासू होती. "आमची सून फार सोशिक आहे हो," सासू कौतुकाने म्हणाली. "काल घरी पट्टी ओढून पाहिली, पण हिने तोंडातून शब्द काढला नाही. तुम्ही खुशाल ओढा."

सुनेने हात पुढे केला आणि मान भिंतीकडे वळवली. हात ताठ झाला होता.

शिष्याने कोमट पाण्याने पट्टी भिजवली. "ताई, दुखलं की हात मागे घ्या. मी थांबेन."

"ती कशाला घेईल मागे?" सासू म्हणाली.

शिष्याने पट्टीचे टोक जरासे उचलले. सुनेने झटकन हात ओढून पोटाशी धरला. सासू तिला रागे भरणार, तेवढ्यात शिष्याने खुणेनेच तिला थांबवले आणि स्वतःचे हात मांडीवर घेऊन स्वस्थ बसला. बाहेर इतर रुग्ण खोळंबले होते. तरी त्याने घाई केली नाही.

काही वेळाने सुनेने भिंतीवरची नजर काढून प्रथमच त्याच्याकडे पाहिले. "फार दुखतंय हो," ती म्हणाली, आणि हात आपणहून त्याच्यापुढे ठेवला.

पट्टी सुटायला बराच वेळ लागला. मध्ये तिने तीनदा हात काढून घेतला, आणि तिन्ही वेळा परत दिला.