टिटवीची हाक

सकाळी ऊन गवतावर उतरत असताना, तळ्याच्या पलीकडच्या काठावर, उघड्या वाळूत, घारीने टिटवीचं थोरलं पिल्लू उचललं. टिटवी त्या वेळी किडे वेचायला लांब गेली होती आणि तिने हाक मारलेली नव्हती. तरी पिल्लू हाकेला ओ देत दगडांआडून बाहेर आलं होतं. हाक टिटवीच्याच आवाजात होती. ती धाकट्यानेही ऐकली. पाय काटेरी वेलीत अडकला म्हणून ते वाचलं.

याची सुरुवात तळ्याच्या अलीकडच्या काठाला, बगळ्याच्या बांधावर झाली. त्या तळ्याकाठी चार पक्ष्यांनी जमून बोलावं अशी दुसरी जागा नव्हती. इतरत्र साप, रानमांजरं. बांध सुरक्षित होता, आणि फुकट. "बसा, बोला, मन मोकळं करा," बगळा म्हणे. "पाखरांकडून काही घेणारा मी नव्हे." संध्याकाळी साळुंक्या तिथे भांडत. होले मेलेल्या जोडीदारांच्या आठवणी काढत. टिटवी तिथूनच पिल्लांना हाका मारी आणि शेजारणींना त्यांचे अर्थ सांगे: ही दडून बसायची, ही बाहेर यायची. बांधाची माती मऊ होती आणि बोललेलं सगळं तिच्यात मुरत असे. हे सर्वांना माहीत होतं. आपलं बोलणं टिकतं याचं त्यांना अप्रूपच होतं.

मग बांध पायाखाली पोकळ लागू लागला. मातीची घरं बांधणाऱ्या काळ्या कुंभारीण माश्या पलीकडून येत आणि बांधातल्या ओल्या मातीच्या गोळ्या घेऊन जात. त्या दिवसांत बगळ्यापुढे मासळीचा ढीग असे, पण पाण्यात उतरताना तो कोणाला दिसला नाही.

पलीकडे त्या मातीचा एक पक्षी उभा राहिला. डोळे नाहीत, पोट नाही, चोच मात्र सदा उघडी. सकाळी तो साळुंकीसारखा भांडे, दुपारी होल्यासारखा रडे. पाखरं कौतुकाने ऐकायला गेली. "अगं बाई, ही तर मीच!" म्हणून एक साळुंकी नाचलीसुद्धा. त्याच काठावर पुढे त्याच्या चोचीतून टिटवीची ती हाक उठली.

पिल्लू गेलं त्याच दिवशी टिटवी बांधावर आली.

"माझा आवाज कोणाला विकलास?"

"आवाज? छे, बाई. माती दिली. माती माझी."

"त्या मातीत माझी हाक होती."

"मग बोलायचं नव्हतंस. आणि तू होकार दिलेला आहेस. बांधावर उतरलीस की रोज मान हलवतेस. इथे तोच होकार धरतात."

"अरे मेल्या, टिटवीची जात माझी! पाय टेकले की मान हलतेच."

"ठाऊक आहे," बगळा म्हणाला. "नियम करताना त्याचा विचार केला होता."

"आणि मासे एकट्यानेच गिळलेस होय रे?" नाचलेली साळुंकी मागून ओरडली. "आम्हाला शेपटीचा तुकडासुद्धा नाही?"

"बांधाची डागडुजी कोण करतं? तुझा बाप?"

दुसऱ्या संध्याकाळी सगळे पुन्हा बांधावर होते. शेजारणी तिथे होत्या, भांडणं तिथे होती.

टिटवी मात्र धाकट्याला घेऊन दूरच्या माळावर गेली. तिथे तिने जुन्या हाका टाकून दिल्या आणि पिल्लाला एक नवी शिकवली, इतकी हलकी की ती पंखाखालीच ऐकू यावी. ती तिने कोणाला सांगितली नाही. बांधावर ती पुन्हा गेलीच नाही.

पुढे एका दुपारी वारा तळ्याकडून आला. मातीच्या पक्ष्याने ती नवी हाक मारली.

पिल्लू उठून चालू लागलं. टिटवीने धावत जाऊन त्याला पंखाखाली दाबून धरलं. ते सुटायला धडपडत राहिलं. मग ती आपल्या निजायच्या जागेभोवतीचे खडे एकेक करून चोचीने उलटू लागली. माळावर कोसभर पाणी नव्हतं. त्यातला एक खडा चोच लागताच दबला. ती ओल्या मातीची गोळी होती, कुंभारीण माश्या बांधातून नेत तशीच. ती तिथे कोणी ठेवली, हे अजून कोणी सांगितलेलं नाही.