भंडाऱ्याचे ताट

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या पेठेत जनावरांचे एक वृद्ध वैद्य राहत असत. बोलणे मोजके आणि भूक मात्र चांगली, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या हाताखाली एक शिष्य तीन वर्षे विद्या शिकत होता. बुद्धीने तल्लख, हाताने हलका, पण औषधांच्या डब्यांवर त्याचा फार जीव. रोगी दारात आला की त्याचा हात आधी डब्याकडे जाई आणि नजर मग रोग्याकडे.

आषाढातल्या कांदेनवमीच्या सकाळी त्या पेठेतला भुसार मालाचा मोठा व्यापारी वैद्यांच्या अंगणात आला. त्याच्यामागे दोन हमाल एका घोंगडीची झोळी करून आले आणि झोळीत होता भंडाऱ्या. हळदीसारख्या पिवळ्या रंगाचा हा कुत्रा साऱ्या पेठेला ठाऊक होता. पाच वर्षांपूर्वी भर दुपारी व्यापाऱ्याच्या कोठाराला आग लागली, तेव्हा वामकुक्षी घेणाऱ्या धन्याच्या धोतराचा सोगा ओढून त्याला याच कुत्र्याने बाहेर काढले होते. डोंगरावर खंडोबाचे देऊळ; त्यामुळे पेठेने त्याला देवाचा कुत्रा मानले. चंपाषष्ठीला पालखीच्या पुढे पायऱ्या चढण्याचा मान तेव्हापासून त्याचा.

शिष्याने त्याचा ओठ वर उचलून पाहिला. हिरड्या धुतलेल्या धोतरासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. श्वास भरभर चालला होता आणि मान जमिनीवरून उठत नव्हती.

"रक्त आटलंय," शिष्य आत्मविश्वासाने म्हणाला. "लोहभस्म सुरू करू. वर तूप, आणि ताटातला घास थोडा वाढवा."

"घास कसला वाढवता?" व्यापारी म्हणाला. "जे माझ्या ताटात, तेच त्याच्या ताटात. चांदीचं ताट केलंय मी त्याला. त्यानं तोंड लावल्याशिवाय मी घास उचलत नाही, असा नेम आहे माझा. पाच वर्षांत एक दिवस चुकला नाही. तरी दर साली हेच होतं, वैद्यबुवा. चंपाषष्ठीला दोनशे पायऱ्या चढून जातो आणि शिमग्यापर्यंत मान टाकतो. चातुर्मासात देव त्याच्या अंगात येतो, पुन्हा उभा राहतो. पण दर साली थोडा कमीच उभा राहतो. गेल्या खेपेला निम्म्या पायऱ्यांवर बसला. या खेपेला चातुर्मास तरी बघतो की नाही, कोण जाणे." एवढे बोलून तो मोठा माणूस सगळ्यांदेखत उपरण्याने डोळे पुसू लागला.

शिष्याने भस्माचा डबा उघडला होता. वैद्यांनी तो मुकाट्याने बंद केला.

"शेटजी," ते म्हणाले, "आज दुपारी तुमच्याकडे जेवायला येतो आम्ही. भंडाऱ्यालाही घरी न्या, पण मी येईपर्यंत त्याला काही देऊ नका."

शिष्याला हे मुळीच रुचले नाही. कुत्रा मरणाच्या दारात आणि गुरुजींना जेवण सुचते आहे, असे त्याच्या मनात आले. पण गुरूंपुढे बोलायची सोय नव्हती.

कांदेनवमी म्हणजे काय, हे खंडोबा ज्यांचे कुलदैवत त्यांना सांगायला नको. एकादशीपासून घरात कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य; ते थेट चंपाषष्ठीला, देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवल्यावर सुटते. तेव्हा पाच महिन्यांची कसर लोक नवमीला एका दिवसात भरून काढतात. व्यापाऱ्याच्या माजघरात त्या दुपारी कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, कांद्याचा झुणका, वर लसणीचा ठेचा आणि शेवटाला मनुका घातलेला शिरा असा थाट होता. व्यापाऱ्याच्या पाटाशेजारी दुसरा पाट, त्यापुढे रांगोळी आणि चांदीचे ताट. पाटाच्या कडेला भंडाऱ्या निजला होता. वासाने त्याचे नाक हलले. देवाचा कुत्रा झाला तरी नाक कुत्र्याचेच.

व्यापाऱ्याने ताट भंडाऱ्यापुढे सरकवले. तेवढ्यात वैद्य पुढे झाले, त्यांनी ताट स्वतःकडे ओढले, कुत्र्याच्या पाटावर मांडी घातली आणि जेवायला सुरुवात केली.

वैद्यांनी भजी संपवली, थालीपीठ संपवले, ठेच्याला नावाजले आणि झुणका दुसऱ्यांदा मागून घेतला. शिष्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. उद्या पेठेत तोंड कसे दाखवायचे? गुरुजी कुत्र्याचे ताट जेवले, हे संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर जाणार होते.

"वैद्यबुवा," व्यापारी महत्प्रयासाने संयम राखत म्हणाला, "पाहुण्यांसाठी वेगळं पान मांडलंय. ते त्याचं ताट आहे. तो जेवला नाही तर मलाही जेवता येत नाही."

"मग थांबा थोडं," वैद्य म्हणाले आणि त्यांनी शिऱ्याला हात घातला.

इतक्यात कोठाराकडून त्या घरची मांजर आली. तिला कोणी नाव ठेवले नव्हते की ताट केले नव्हते. अंगाने कशी घोटीव, डोळे लखलखीत. वैद्यांनी आणखी एक भजे मागून घेऊन तिच्यापुढे ठेवले. तिने ते हुंगले, नाक मुरडले, घाण झाकावी तशी पंजाने त्याच्याभोवतीची फरशी खरवडली आणि शेपटी उभी करून निघून गेली.

वैद्य हात धुऊन आले. भंडाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून ते व्यापाऱ्याकडे वळले.

"शेटजी, परवा एकादशी. मातोश्रींचा उपास असेल ना?"

"निर्जळी असतो आईचा. दुसऱ्या दिवशी पारणं."

"मग परवा हेच ताट त्यांच्यापुढे ठेवा. भजी, झुणका, ठेचा."

"शिव शिव, काय बोलता हे?"

"का बरं? जे तुमच्या ताटात ते त्यांच्या ताटात नको? की आईपेक्षा कुत्र्यावर माया जास्त?"

"अहो, तिला चालत नाही ते तिच्यापुढे ठेवणं हा अपमान झाला तिचा," व्यापारी म्हणाला आणि म्हणता म्हणता थांबला.

"बरोबर," वैद्य शांतपणे म्हणाले. "दारी पाहुणा आला की आपण आधी विचारतो, उपास आहे का, काही पथ्य आहे का. सांगतो तो, म्हणून निभावतं. या मुक्याला सांगता येत नाही. कांदा-लसूण माझ्या पोटात गेला तर मी ढेकर देईन. कुत्र्याच्या नि मांजराच्या पोटात गेला तर त्यांचं रक्त आतून वाळवी लागल्यागत पोखरतो. एका दिवसात दिसत नाही, म्हणून कोणाला कळत नाही. मनुकांनी त्यांची मूत्रपिंडं जातात. मीठ, गूळ, तळण हेही त्यांचं अन्न नव्हे. चातुर्मासात तो उठतो, कारण त्या दिवसांत तुमच्या ताटात कांदा नसतो. त्याच्या अंगात देव येतो, शेटजी, पण तो चुलीच्या वाटेनं येतो. त्या मांजराचं कोणी कौतुक केलं नाही, म्हणून ती कोठारातले उंदीर खाऊन धडधाकट राहिली. आणि याच्यावर तुमचा एवढा जीव, की तुम्ही त्याला आपल्यासारखा समजलात. तो त्याच्यासारखा आहे, हे बघायचं राहून गेलं."

व्यापारी मटकन पाटावर बसला. "म्हणजे पाच वर्षं मी माझ्या हातानं," तो म्हणाला, आणि त्याने भंडाऱ्याचे डोके मांडीवर घेतले.

"हात प्रेमाचाच होता. आता त्याला डोळे द्या," वैद्य म्हणाले. मग ते शिष्याकडे वळले. "आणि गळक्या रांजणात आपण भस्म ओतायला निघालो होतो. आधी भोक बघावं, बाळ."

शिष्याने मान खाली घातली. हिरड्या त्याने पाहिल्या होत्या. ताटात काय असते, हे विचारायचे त्याला सुचलेच नव्हते.

त्या दिवसापासून चांदीचे ताट तेच राहिले, आतले अन्न बदलले. मऊ भात, बिनमिठाची भाकरी, उकडलेला लाल भोपळा, आणि रोज वाटीभर नुसत्या पाण्यात शिजवलेले, हाड काढलेले मांस. इथे मोठीच पंचाईत आली, कारण व्यापाऱ्याचे घर शाकाहारी. अंडेदेखील उंबरठ्याच्या आत येत नसे. "घरात शिजवू नका," वैद्य म्हणाले. "पण आणायचं तुम्हीच. नेम तुमचा आहे, हमालाचा नव्हे."

मग पेठेने रोज सकाळी एक दृश्य पाहिले. ज्याच्या वखारीपुढे गाड्यांची रांग लागे, तो व्यापारी नाकाला उपरणे लावून गावाबाहेरच्या मेंढपाळाच्या पालावर जाई आणि तिथे शिजवलेल्या मांसाचे झाकलेले मडके हात लांब धरून घेऊन येई. "शेटजी, लांब धरून काय उपेग," म्हातारा मेंढपाळ म्हणे, "वास काय तुमच्या हातावर थांबतोय व्हय." पेठ हसली. आठवडाभर हसली, मग तिला कंटाळा आला. पंधराव्या दिवशी भंडाऱ्या स्वतःच्या पायांनी अंगणात आला. महिनाभराने त्याच्या हिरड्या गुलाबी झाल्या. तेव्हा व्यापारी भर रस्त्याने वैद्यांच्या घरी धावत आला, आणि त्याच्या पुढे भंडाऱ्या धावत होता.

सारे आनंदले, पण शिष्य मात्र स्वस्थ नव्हता. चातुर्मासात तर हा दरवर्षीच उठतो. खरी परीक्षा चंपाषष्ठीची. त्या दिवशी वर देवळात गुरव भरीत-रोडग्याचे पहिले पान देवाच्या कुत्र्यापुढे ठेवतो, आणि मगच माणसांची पंगत बसते. वांग्याचे भरीत कच्च्या कांद्याने भरलेले, रोडग्यात लसूण. त्या पानाला नाही म्हणायची छाती कोणाची? एकदा वर तोंड लागले की घरीही ताट पूर्ववत होणार, आणि आता भंडाऱ्याच्या अंगात आणखी एक वर्ष झेलण्याचे त्राण नव्हते. शिष्याचा व्यापाऱ्यावर विश्वास बसेना. चंपाषष्ठीच्या पहाटे उठून त्याने स्वतः एक साधा रोडगा भाजला, मिठाशिवाय, लसणाशिवाय, आणि तो उपरण्याखाली दडवून तो डोंगर चढू लागला.

पालखी निघाली. भंडारा उधळला गेला आणि त्या पिवळ्या ढगात पिवळा कुत्रा पुढे झाला. निम्म्या पायऱ्यांवर, गेल्या वर्षी जिथे तो बसला होता तिथे, लोकांचे पाय आपोआप थबकले. भंडाऱ्या थबकला नाही. त्याने मागे वळून एकवार धन्याकडे पाहिले, पालखी फारच हळू येते आहे अशा नजरेने, आणि उरलेल्या शंभर पायऱ्या तो पळत चढला. "येळकोट येळकोट जय मल्हार" हा घोष डोंगरभर घुमला. शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले आणि ते उधळलेल्या हळदीने आले नव्हते.

वर गुरवाने पान मांडले. भरिताचा वास सुटला. भंडाऱ्याचे नाक हलले. शिष्य गर्दीतून वाट काढू लागला, पण गर्दी हटेना.

व्यापारी पुढे झाला. त्याने ते पान उचलून कपाळाला लावले, कुत्र्याच्या जागेवर मांडी घातली आणि भरिताचा पहिला घास स्वतः घेतला.

गर्दीत कुजबूज उठली. "शेटजी, मान कुत्र्याचा आहे," कोणीतरी मोठ्याने म्हणाले.

"मान त्याचाच," व्यापारी घास गिळून म्हणाला. "देवाच्या दारी त्याला चालेल तेच त्याच्यापुढे ठेवीन. न चालणारं माझ्या वाट्याला आलं, ते मी प्रसाद म्हणून खातोय." त्याने कंबरेचे फडके सोडले. आत एक साधा रोडगा होता, बिनमिठाचा, बिनलसणाचा. तो त्याने पानाच्या जागी ठेवला. म्हाताऱ्या गुरवाने वाकून तो रोडगा पाहिला. मग त्याने चिमूटभर भंडारा त्यावर न टाकता कुत्र्याच्या कपाळाला लावला आणि म्हणाला, "घे बाबा, तुझा नैवेद्य." भंडाऱ्याने तो दोन घासांत संपवला, आणि पंगत बसली.

त्या वर्षी शिमगा आला नि गेला. भंडाऱ्याने मान टाकली नाही. उलट होळीभोवती पोरांच्या बरोबरीने धावला. पुढच्या चंपाषष्ठीला तर पेठेतल्या बायका आपापल्या कुत्र्यांसाठी दोन साधे रोडगे आधी भाजून मग लसूण सोलायला बसल्या.

पण ते पुढचे. त्या दिवशी डोंगर उतरताना शिष्याने उपरण्याखालचा आपला रोडगा बाहेर काढला. तो कोणाच्याच उपयोगी पडला नव्हता, याचा त्याला कधी नव्हे एवढा आनंद झाला होता. भूकही लागली होती. त्याने एक तुकडा तोंडात टाकला आणि तोंड वाकडे केले.

"कसा झालाय?" वैद्यांनी विचारले.

"अगदीच बेचव, गुरुजी."

"कोणाला?"

शिष्याने खाली पाहिले. दोन पायऱ्या पुढे गेलेला भंडाऱ्या परत आला होता, आणि त्याच्या हातातल्या उरलेल्या रोडग्याकडे एकटक पाहत शेपूट हलवत होता. शिष्य पायरीवर बसला आणि त्याने तो त्याला एकेक तुकडा करून भरवला.