राजाने ओवलेलं झुंबर

एका राज्यात वारा बंद पडला, आणि दोष राजा दुर्जयाचा होता. राजगुरूंनी ग्रहांना बोल लावला, प्रधानाने प्रजेच्या पापांना. दोघे खोटं बोलत होते आणि दोघांना ते ठाऊक होतं.

त्या राज्याच्या वेशीवर वाऱ्याचं झुंबर टांगलेलं असे. वर लाकडी चकती, तिला गोल ओवलेल्या पितळेच्या सात नळ्या, मधोमध लाकडी लोलक आणि त्याच्याखाली तांब्याचं पान. पान हललं की लोलक नळ्यांवर आदळे आणि नळ्या किणकिणत. तो नाद ऐकायला वारा रोज डोंगरावरून उतरे. आलाच आहे तर शिडं फुगवी, खळ्यातलं धान्य उफणून देई.

एकदा दोऱ्या कुजल्या. राजा म्हणाला, "झुंबर आम्ही स्वहस्ते ओवणार." त्याला नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. मग राजाने नळ्या मानाप्रमाणे लावल्या. थोरली सर्वांत उंच, धाकटी पार खाली, आणि एकीचा धक्का दुसरीला लागू नये म्हणून हात हात अंतर. दोरीऐवजी सोन्याची ताठ तार. लोलक तर त्याला बघवेना.

"हा थोरलीलाही मारतो आणि धाकटीलाही? बेअदब!"

लोलक पानासकट तळ्यात भिरकावला गेला. दरबाराने माना डोलावल्या. राजकन्या शाल्मली तेवढी म्हणाली, "आबासाहेब, आता हे वाजणार कसं?"

"मोठ्यांच्या कामात बोलू नये."

सायंकाळी वारा आला. झुंबर मुकं. वारा म्हणाला, "राजा, तू माझ्या आवडीचा आवाज बंद केलास. मी तुझ्या घरातला एक आवाज नेतो. पौर्णिमेचा चंद्र उगवेतो झुंबर वाजलं नाही, तर तो कायमचा माझा."

आणि तो शाल्मलीचा आवाज घेऊन गेला. अख्ख्या दरबारात एकटी खरं बोलली होती, शिक्षा तिलाच. मोठी माणसं चुकली की हिशेब असाच लागतो.

राजगुरूंनी यज्ञ मांडला. शाल्मली त्यासाठी थांबली नाही. तिने खांद्यावर आपली साळुंकी घेतली आणि डोंगर चढली. साळुंकीला तिच्या मनातलं कळे, आणि ती ते तिखटमीठ लावून बोले.

"राजकन्या म्हणते, आवाज दे."

"तीन कामं करा," वारा म्हणाला. "लोलक आणा. नळ्या एकमेकींशेजारी बांधा. आणि दोरी वळा ती ज्याने तार बांधली त्याच्याच केसांची."

तळ्यात राक्षस राहत असे. लोलकाने तो पाठ खाजवत बसला होता.

"देणार नाही. इतकं सुख मला आजवर मिळालं नव्हतं."

शाल्मली माघारी गेली आणि यज्ञात डोळे मिटून बसलेल्या राजगुरूंचा योगदंड उचलून घेऊन आली. राक्षसाने तो पाठीला लावून पाहिला. "हा जास्त टोचतो! ने तुझा लोलक."

दुसरं काम वेशीवर होतं. शाल्मलीने सोन्याच्या तारा तोडल्या, तशी थोरली नळी फणफणली. "मी धाकटीच्या शेजारी? माझा काही मान?"

"राजकन्या विचारते, बाईसाहेब, तुम्ही शेवटच्या वाजलात कधी?"

थोरली धाकटीकडे किंचित झुकली. मग हळूच म्हणाली, "धाकटीला लागूनच टांग. तिच्याशिवाय मला सूर सापडत नाही."

तिसरं काम राहिलं. पौर्णिमा उजाडली होती. वेशीवर आलेल्या राजाचं डोकं तुळतुळीत. केस काय ते मिशीत. मिशी मात्र दोन्ही खांद्यांवर रुळे, आणि दरबारी आधी तिला मुजरा करत, मग राजाला. शाल्मलीने तिच्याकडे बोट दाखवलं.

"ही आमची मिशी आहे!" राजा ओरडला.

"राजकन्या म्हणते, तो माझा आवाज आहे."

"लोक काय म्हणतील?"

"हे आता मी माझं सांगते," साळुंकी म्हणाली. "लोक घामाने निथळताहेत. तुझ्या मिशीकडे बघायला कोण रिकामं आहे?"

राजाने लेकीकडे पाहिलं. ती काही बोलेल म्हणून तो थांबला, आणि मग त्याला आठवलं. त्याने न्हाव्याला हाक मारली. "डावी बाजू काप."

शाल्मलीने केसांना पीळ दिला. नळीच्या टोकाच्या जरा खाली भोक असतं, त्यातून दोरी ओवली, गाठ मारली. अशा सातही नळ्या गोल टांगून झाल्या. केस संपले. लोलक हातातच राहिला.

तिने वर पाहिलं.

"नाही," राजा म्हणाला.

"राजकन्या म्हणते, अर्धी मिशी मिरवणार आहात का?"

वेशीवरचा पहारेकरी फस्सकन हसला. मग राजाही हसला, नाइलाजाने, आणि उजवा गाल न्हाव्यापुढे केला.

लोलक मधोमध बसला. चंद्र डोंगरामागून डोकावला. वारा धावत आला आणि झुंबर असं खळखळून वाजलं की तळ्यातला राक्षस खाजवायचा थांबला.

"आबासाहेब," शाल्मली म्हणाली, "मी विचारलं होतं ना, वाजणार कसं?"

"विचारलं होतंस," राजा म्हणाला. "चूक आमची."

शिडं फुगली, धान्य उफणलं गेलं. यज्ञ फळला असं राजगुरू सांगत फिरले. त्यांना सांगू दिलं. त्या दिवसापासून त्या दरबारात कुणीही बोलू लागलं, धाकटेसुद्धा.

राजाची मिशी पुन्हा उगवली नाही.