क्रांतीची पंगत

प्राध्यापक दिगंबर खासनीस कडवे क्रांतिवादी. त्यांच्या शिबिराला वकील, संपादक, कवी अशी सगळी हुशार मंडळी जमायची. "बुद्धिमान माणूस आमच्याकडेच का येतो? कारण सत्य त्याला आधी दिसतं," ते म्हणाले आणि इतिहास शिकवणाऱ्या ओगलेबाईंकडे वळले. "दुसरं कारण असेल तर सांगा, नाहीतर मुकाट्यानं आमच्या मंडळात या."

"जेवताना सांगते," बाई म्हणाल्या.

पंगत बसली. शिबिराच्या रिवाजाप्रमाणे खासनीस स्वतः आमटी वाढू लागले. बाईंनी सगळ्यांना विचारलं, "क्रांतीनंतर साऱ्या देशाची एकच पंगत बसेल. त्या दिवशी तुम्ही काय करत असाल?"

संपादक म्हणाले, बेत मी ठरवीन. वकील म्हणाले, कोणाला किती वाढायचं ते मी बघेन. कवी म्हणाले, श्लोक कोणते म्हणायचे ते मी सांगेन.

"बघा सर, पानावर बसणारा एकही नाही. पळी आपल्या हातात येणार असेल, तर हुशार माणसाला ती पंगत आवडणारच."

हशा पिकला. बाई पानावरून उठल्या. "दमला असाल. तुम्ही बसा, मी वाढते."

खासनिसांनी पळी घट्ट धरली.

"नको," ते म्हणाले, "मीच वाढतो."