बारकू गवंड्याची आंघोळ

"नियम मोडला की शिक्षा, एवढंच ना? मग मला विचारायला कशाला आलीस?" अमीनशा फकिरानं विचारलं.

कस्तुरा भोईटे वर्दीतच त्याच्या तकियावर, गावाबाहेरच्या मठीत, आली होती. पुरुषांच्या तुरुंगात पहारा देणारी ती जिल्ह्यातली पहिली बाई. त्या जागेसाठी चार वर्षं साहेबांशी भांडली होती. बराकीत भलेभले दांडगे तिच्यापुढं मान खाली घालत.

"बारकू गवंडी म्हणून एक म्हातारा कैदी आहे, बाबा. चार दिवस झाले, आंघोळ करत नाही. म्हणतो, बाईमाणसासमोर कपडे उतरवणार नाही. उद्या मी त्याची तक्रार देणार. मग एकांतकोठडी."

"तू तोंड फिरव की."

"मी?" ती ताठ झाली. "बाकीचे शिपाई हसतील. म्हणतील, बाई ती बाईच, लाजली! मी कुणाला लाजत नाही, बाबा."

"खरं आहे..."

फकीर काठी टेकत उठला. विहिरीपाशी भरलेली बादली होती. तिथं जाऊन त्यानं अंगातली कफनी वर ओढायला घेतली.

कस्तुरा गर्रकन वळली आणि पाठ करून उभी राहिली.

मागं पाणी सांडू लागलं. तेवढ्यात दोन गडी बोलत बोलत विहिरीकडं आले.

"थांबा तिथंच!" ती गरजली. "बाबा आंघोळ करताहेत."

दोघं जागीच थिजले. हसलं कुणीच नाही.

थोड्या वेळानं फकीर ओल्या अंगावर कफनी चढवून समोर आला.

"लाजलीस?"

"छे! तुमचा मान राखला."

"आणि मी पळून गेलो असतो तर?"

"कान होते की माझे! एक पाऊल टाकलं असतं तरी कळलं असतं." तिची मान अभिमानानं वर झाली.

फकिरानं रिकामी बादली पालथी घातली.

तिचा हात खिशातल्या तक्रारीच्या कागदाकडं गेला. कागद बाहेर आला, मुठीत चुरगळला. तरी ती हट्टानं म्हणाली, "तुमची गोष्ट वेगळी, बाबा. त्यानं खून केलाय."

"कैदी आत येतो, तेव्हा गेटवर त्याचं काय काय जमा करून घेता?"

"घड्याळ, अंगठी, पट्टा... असेल नसेल ते सगळं."

"आणि लाज?"