मेघडोहचा नावाडी

“मग तिसरा भाग पहिल्या दोन भागांच्या पासंगालाही पुरत नाही, हे तुम्ही तुमच्या तोंडाने का म्हणत नाही, आप्पा?”

आप्पा भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

शार्दूल घैसास पुण्याहून गाडी काढून माहुलीला आला होता, तो हे एक वाक्य मिळवायला. संध्याकाळी सहाला संकेतस्थळावर त्याची खेळाची समीक्षा लागणार होती. त्याने ‘घेऊ नका’ म्हटलं की दोन लाख माणसं घेत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. रुक्सानाच्या पाच माणसांच्या कंपनीला तेवढं पुरलं असतं. कुलूपच लागलं असतं.

खेळाचं नाव ‘मेघडोह’. संगणकावर खेळायचा. आपण एका वाटसरूची भूमिका घ्यायची, नदीकाठच्या गावांतून फिरायचं, माणसं जोडायची, अधूनमधून राक्षस मारायचे. पहिले दोन भाग आप्पांनी केले. चित्रं माझी होती. संवाद लिहायला आप्पांचे दोन शिष्य होते, शार्दूल आणि रुक्साना बागवान.

पुढे आप्पांनी सगळं सोडलं आणि संगमावरच्या या धर्मशाळेत येऊन राहिले. येताना तिसरा भाग रुक्सानाच्या हाती दिला. शार्दूलने तो आपल्यालाच मिळणार असं गावभर सांगून ठेवलं होतं. तोंडघशी पडला बिचारा. त्याने खेळ करणं सोडलं आणि दुसऱ्यांच्या खेळांवर लिहू लागला.

आज येताना त्याने पेढे आणि शाल आणली होती. दक्षिणा म्हणून पायाशी ठेवली. आप्पांनी पेढा तोंडात टाकला, शाल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, दक्षिणा मी मागेन तेव्हा दे. हे ते अठरा वर्षं म्हणत आहेत.

शार्दूलने वही उघडली. पहिल्या भागात गावं आठ, चित्रं अगदी साधी, पण चहावालासुद्धा थांबवून गप्पा मारायचा. दुसऱ्यात किल्ले आले, घोडे आले, तरी माणसं तेवढीच गप्पिष्ट. तिसऱ्यात गावं सत्तावीस. पाणी असं की हात घालावासा वाटतो. आणि शेवटपर्यंत बोलणारं माणूस एक नाही. सुरुवातीला थोडं बोलतात, मग तुटक, मग पाठच फिरवतात.

“तिने खेळाचा जीव काढून घेतला,” तो म्हणाला.

आप्पांनी टरफलं बाजूला सारली.

“पहिला भाग तपासायला किती दिवस घेतले होतेस?”

“दोन महिने.”

“आणि हा?”

“दोन दिवस. समीक्षकांना तेवढेच मिळतात.”

“माणसं बोलायला लागली की काय करतोस?”

“पुढे ढकलतो. बटणावर अंगठा दाबला की बोलणं संपतं. सगळेच तसं करतात, आप्पा. नाहीतर वेळेत संपणार कसा?”

आप्पा म्हणाले, लाव.

त्याने लॅपटॉप काढला आणि आधी स्वतःचा खेळलेला डाव दाखवला. शेवटचं गाव. बाजार भरलेला. त्याचा वाटसरू जवळ गेला की विक्रेता पाठ फिरवायचा. विहिरीवरची बाई घागर उचलून चालू लागायची. पोरंसुद्धा बाजूला व्हायची. खरं सांगतो, मलाही ते पाहवेना. रुक्सानाने हे काय करून ठेवलंय, असं मनात आलंच.

“नवा डाव सुरू कर,” आप्पा म्हणाले.

पहिला घाट. नावेत म्हातारा नावाडी. वाटसरू चढला तसा नावाडी बोलू लागला. शार्दूलचा अंगठा सवयीने बटणाकडे गेला. आप्पांनी नुसता त्याच्या मनगटावर हात ठेवला.

नावाडी पाण्याबद्दल बोलला, गुडघेदुखीबद्दल बोलला, कुठल्याशा हरवलेल्या बैलाबद्दल बोलला. तीन मिनिटं तरी गेली असतील. शार्दूल जांभई दाबत होता.

पैल काठावर विहीर होती. त्या शेवटच्या गावातल्यासारखीच विहीर, तशीच बाई. तिने घागर खाली ठेवली आणि म्हणाली, “ये बाबा. नावाड्याने सांगितलंय, हा ऐकून घेणारा माणूस आहे.”

शार्दूलचा हात थांबला.

तो पुढे गेला. लोहार बोलला. फुलवाली बोलली. एका पोराने मागे लागून आपली हरवलेली गोटी शोधून मागितली. पहिल्या भागात व्हायचं तसंच सगळं, किंबहुना जास्तच.

“म्हणजे...” त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. “म्हणजे मी ज्यांचं बोलणं तोडलं, ते पुढच्या गावाला सांगत होते?”

शेंगा संपल्या होत्या, तरी ते टरफलं चाचपत होते.

नावाड्याकडे आणखी काय आहे ते ऐकायला शार्दूल खेळात झटक्याने मागे फिरला. वाटसरूला घाटावर नेलं, पुन्हा नावेत बसवलं. नाव मध्यावर आली. नावाडी या वेळी गप्प होता. वल्ह्याचा आवाज तेवढा येत होता. आम्ही तिघेही बघत बसलो... आणि मग म्हातारा, आपल्याशीच बोलावं तसा, बोलू लागला.

“माझा भाऊ त्या काठाची नाव चालवतो. अकरा वर्षं आम्ही एकमेकांसमोरून जातो. वल्हं कुणीच थांबवत नाही.”

हे वाक्य मला पाठ होतं.

ते शार्दूलचं होतं. एकोणीस वर्षांचा असताना, वडील आणि काका यांचा अबोला मोडायच्या आतच वडील गेले, त्या आठवड्यात त्याने नावाड्याचं ते पान लिहिलं होतं. खेळात जागा नाही म्हणून आप्पांनी ते कापलं. शार्दूलने चिडून पान चुरगाळून टोपलीत टाकलं होतं. टोपलीतून ते कुणी उचललं, ते मी पाहिलं होतं. मी कधी बोललो नाही.

शार्दूलने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांकडे.

“हे तिने ठेवलं?... पहिल्याच घाटावर?”

“पहिल्याच,” मी म्हणालो.

“आणि मी...”

परवा सकाळी, खेळ सुरू केल्यावर दहाव्या मिनिटाला, त्याने नावाड्याचं बोलणं अंगठ्याने तोडलं होतं आणि त्यासोबत स्वतःचंच पान गमावलं होतं.

फोन थरथरला. पावणेसहा झाले होते. लेख तयार आहे ना, म्हणून तिकडून विचारत होते. त्याने फोन उलटा ठेवला.

“आप्पा, आता मी काय लिहू?”

पडद्यावर नावाडी अजून बोलत होता. आणि शार्दूलचा अंगठा, त्याच्याही नकळत, पुन्हा त्या बटणावर जाऊन टेकला होता.

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं.

“दक्षिणा राहिलीय ना तुझी?... अंगठा उचल.”